आधी हे इन्स्टॉल करा

नवा मॅक पहिल्यांदा चालू केला आणि वेळ-तारखेच्या पडद्यावर गेलात, तर तुम्ही पुण्यात असा की म्युनिकमध्ये, शहराच्या जागी बऱ्याचदा आधीच ‘क्युपर्टिनो’ लिहिलेलं दिसतं. तुम्ही खरं काय ते सांगेपर्यंत मशीन धरून चालतं की आपण आपल्या माहेरीच आहोत.

मागच्या उन्हाळ्यात मी खरोखरच क्युपर्टिनोत होते, मामाकडे. माझी मामेबहीण डी अँझा कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिला माझा एडिटर हवा होता. काळा पडदा, डावीकडे फाइलींची झाडासारखी यादी, माउसला हात न लावता सगळं चालतं, असा. ‘ताई, मला तुझ्यासारखं लावून दे ना.’ मी म्हटलं, सोपं आहे, माझ्या रीडमीत सगळं लिहिलंय, इन मीन चार ओळी. शनिवारी सकाळी साडेदहाला बसलो. मध्ये मामीने दोनदा जेवायला हाक मारली. संध्याकाळी पावणेसहाला एडिटर चालू झाला आणि ती म्हणाली, ‘ताई, बहुतेक हे माझ्यासाठी नाहीये.’

एडिटर चालू झाल्यावर म्हणाली, हे लक्षात घ्या. त्या वाक्यापासून मी त्या चार ओळींकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अशा ओळी वाचल्या असतील, काहींनी लिहिल्याही असतील. कोणत्याही तयार कॉन्फिगरेशनच्या सुरुवातीला एक छोटा भाग असतो: हे वापरण्याआधी तुमच्या मशीनवर अमुक अमुक असलं पाहिजे. इंग्रजीत त्याला प्रीरिक्विझिट्स म्हणतात, मी इथे पूर्वतयारी म्हणते. हा मजकूर वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही. पण रोज कितीतरी नवशिके तो वाचतात आणि त्यातले काही तिथूनच परत फिरतात. तेव्हा एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं तसं त्याचं करायला हरकत नाही.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. थालिपिठाची कुठलीही कृती उघडा. साहित्य: भाजणी दोन वाट्या, कांदा एक, तिखट, मीठ. भाजणी! ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे वेगवेगळे भाजायचे, गार करायचे, दळून आणायचे, एवढं सगळं त्या एका शब्दात बसवलेलं असतं. ज्या घरात डबा भरलेला आहे तिथे ही कृती पंधरा मिनिटांची. जिथे डबाच नाही तिथे तो एक दिवसाचा उद्योग, आणि गिरणी शोधावी लागते ती वेगळीच. कृती लिहिणारी बाई खोटं बोललेली नाही. ती फक्त तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून लिहितेय.

आता खरे मजकूर घेऊ. डूम ईमॅक्सची यादी आखूड आहे: गिट २.२३ किंवा पुढचं, ईमॅक्स २७.१ किंवा पुढचं, रिपग्रेप ११.० किंवा पुढचं, ग्नूचं फाइंड, आणि जमल्यास एफडी. वाचायला एक श्वास पुरतो. पण यात ‘का’ जवळपास कुठेच नाही. रिपग्रेप म्हणजे काय? फाइलींमधला मजकूर वेगाने शोधणारा प्रोग्रॅम, अँड्र्यू गॅलंटने रस्ट भाषेत लिहिलेला, २०१६ पासून उपलब्ध. तो नसेल तर एडिटर उघडेल, पण प्रोजेक्टभर शोध घ्यायला गेलात की हात वर करेल. एवढं एक वाक्य शेजारी असतं, तर वाचणाऱ्याला कळलं असतं की आपण काय बसवतोय आणि ते आत्ता नाही मिळालं तर काय अडेल. ‘ग्नूचं फाइंड’ वाचून नवशिक्याच्या मनात येतं, फाइंड तर माझ्याकडे आहे की! आहेच. फक्त मॅकवरचं फाइंड बीएसडी घराण्यातलं आहे, नाव तेच आणि चिन्हांची रीत थोडी वेगळी.

इथे क्युपर्टिनोचा खरा संबंध येतो. मॅकबरोबर ईमॅक्स कितीतरी वर्षं फुकट येत असे, पण २२.१ या २००७ च्या आवृत्तीवर तो गोठलेला होता. त्याच वर्षी जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. त्या परवान्याखाली आलेली साधनं ॲपलने मॅकबरोबर द्यायचं टाळलं. बॅशसुद्धा म्हणूनच ३.२ वर थांबलं. २०१९ च्या कॅटालिनामध्ये ईमॅक्स पूर्णच गेला आणि नव्या खात्याचं शेल बॅशऐवजी झेडशेल झालं. २०२२ मध्ये १२.३ आवृत्तीने पायथन २.७ सुद्धा काढून टाकलं. म्हणजे मॅकवर पूर्वतयारीची यादी लांबत गेली, त्यामागे एडिटर लिहिणाऱ्यांच्या हौसेइतकाच परवान्याचा वाद आहे. तुम्ही टर्मिनलमध्ये ‘ब्रू इन्स्टॉल’ लिहिता तेव्हा मॅक्स हॉवेलने २००९ मध्ये सुरू केलेल्या एका प्रकल्पाकडून तो खड्डा भरून घेत असता. यादीत यातलं काही लिहावं अशी माझी अपेक्षा नाही. पण यादी जणू निसर्गनियम आहे अशा सुरात लिहिलेली असते, आणि तो सूर मला खटकतो. त्यामुळे आपल्याकडे एखादी गोष्ट नाही हा आपला अडाणीपणा वाटायला लागतो.

लेझीव्हिमची यादी लांब आहे, पण लिहिणाऱ्याने एक चांगली गोष्ट केलीये: काही ठिकाणी कारण दिलंय. गिट २.१९ का, तर रिपॉझिटरी अर्धवट उतरवून घेण्याची सोय लागते म्हणून. सी कंपायलर का, तर ट्रीसिटरसाठी. (ट्रीसिटर कोड वाचून त्याची रचना ओळखतं. प्रत्येक भाषेचं व्याकरण सी मध्ये तयार होतं आणि तुमच्या मशीनवर कंपाइल होतं. म्हणून पायथन लिहायला बसलेल्या माणसाच्या घरी सी ची गिरणी लागते.) टर्मिनलने पूर्ण रंग दाखवले पाहिजेत असंही त्यात आहे. मॅकचं स्वतःचं टर्मिनल वर्षानुवर्षं २५६ रंगांवर अडकलेलं होतं, २०२५ च्या टाहोपर्यंत. त्याआधीच्या मॅकवर ही अट वाचणाऱ्याला दुसरं टर्मिनलही घ्यावं लागे, आणि मगच तो सुरुवातीला पोचे.

आणि नर्ड फॉन्ट. फोल्डरची, गिटच्या फांदीची, पायथनच्या सापाची छोटी चित्रं अक्षरांच्या जागी दाखवायला हा सुधारलेला फॉन्ट लागतो. ३.० किंवा पुढचाच, कारण २०२३ च्या त्या आवृत्तीत बऱ्याच चित्रांचे युनिकोडमधले पत्ते बदलले. जुना फॉन्ट असेल तर सापाच्या जागी रिकामी चौकट. आमच्या त्या शनिवारचा पाऊण तास या चौकटींनी खाल्ला. फॉन्ट बसवला होता, पण टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन तो निवडायचाही असतो हे माझ्या रीडमीत नव्हतं. मला वाटलं होतं, ते काय सांगायचं!

तिसरा मजकूर किकस्टार्टचा, टी. जे. डीव्रीजने सुरू केलेला, निओव्हिमसाठी. या तिघांत तो मला सर्वांत माणसाळलेला वाटतो. हे तयार जेवण नाही, सुरुवात करायची जागा आहे, असं तो आधीच सांगतो. सगळं एकाच फाइलमध्ये आहे आणि जवळपास प्रत्येक ओळीला टिपण आहे. वाचत गेलात तर निओव्हिमची ओळख होते, मग तुम्ही पुढे ते वापरा की टाका. पण मला त्यातली सर्वांत आवडती जागा तिथे नाहीये. मशीनची तब्येत तपासणारी ‘चेकहेल्थ’ ही आज्ञा चालवली की पिवळ्या इशाऱ्यांचा पाऊस पडतो: हे सापडलं नाही, ते सापडलं नाही. त्यातच किकस्टार्टची एक सूचना येते. तिचा आशय असा: प्रत्येक इशारा दुरुस्त करायलाच हवा असं नाही, ज्या भाषा तुम्ही वापरणारच नाही त्यांच्यासाठी काही बसवू नका. या सगळ्या लेखनप्रकारात मी वाचलेलं हे सर्वांत दयाळू वाक्य आहे. नवशिक्याला काय करायचं ते सगळेच सांगतात. कशाकडे दुर्लक्ष करायचं ते सांगायला लिहिणाऱ्याने स्वतः कधीतरी घाबरून बसलेलं असावं लागतं. डूमकडेही ‘डूम डॉक्टर’ आहे, आणि तोही बरा डॉक्टर आहे, पण तो निदान सांगून थांबतो. धीर देत नाही.

आता शनिवारच्या मुख्य गोंधळाकडे येते. बहिणीचा मॅक नवा, ॲपलच्या स्वतःच्या चिपचा. पण मामाने त्यावर आपल्या जुन्या इंटेलवाल्या मॅकवरचं सगळं मायग्रेशन असिस्टंटने आणून टाकलं होतं. मामा इंजिनियर, त्यामुळे त्यात जुनं होमब्रू आलं आणि एक जुनं निओव्हिमही. इंटेलच्या मॅकवर होमब्रू ‘यूझर-लोकल’मध्ये राहायचं. २०२० मध्ये एम-१ आला आणि नव्या चिपच्या मॅकवर त्याचं बिऱ्हाड ‘ऑप्ट’मध्ये हललं. यातली मेख अशी की जुनी जागा मॅकच्या शोधाच्या रस्त्यावर, म्हणजे पाथमध्ये, पहिल्यापासून आहे. नवी नाही. ती आपण एका फाइलमध्ये लिहून घालावी लागते. होमब्रू बसवून झाल्यावर शेवटी ‘पुढे हे करा’ म्हणून त्याच ओळी दाखवतं. पण त्याच्या आधी ‘यशस्वी’ असं आलेलं असतं, आणि यशस्वी म्हटल्यावर पुढचं कोण वाचतं? तिने खिडकी बंद केली. मीही केली असती.

मग आम्ही नवं निओव्हिम बसवायला गेलो तर जुनं होमब्रू उठून उभं राहिलं आणि म्हणालं, या चिपवर मी या जागी काही बसवणार नाही. मी नव्याचा पूर्ण पत्ता देऊन बसवून घेतलं. बसलं. एडिटर उघडला, तर सगळी प्लगइनं ओरडायला लागली की आवृत्ती जुनी आहे. बसवलेलं नवं आणि उघडतंय जुनं, कारण मशीनला रस्त्यात जुनंच आधी भेटत होतं. बहिणीने काय केलं? तिने निओव्हिम काढून पुन्हा बसवलं. परत तेच. मग माझा संपूर्ण सेटअप पुसून पुन्हा उतरवला. परत तेच. हे सगळं तिने मी मामीबरोबर बाजारात गेले होते तेव्हा एकटीने केलं, आणि चारदा केलं. तिच्या दृष्टीने ती रीडमी शब्दशः पाळत होती. पाळतच होती.

मी आले, पडदा बघितला आणि म्हटलं, ‘दे इकडे.’ कीबोर्ड ओढून घेतला, ‘व्हिच एनव्हिम’ टाइप केलं, कुठलं निओव्हिम उघडतंय ते बघितलं, एक फाइल उघडली, एक ओळ घातली, टर्मिनल बंद करून उघडलं. चाललं. दोन मिनिटं. ती म्हणाली, ‘काय केलंस?’ मी म्हटलं, ‘काही नाही गं, पाथ.’

हे दोन शब्द मी आठवडाभर चघळत होते. कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्यावरही नेमकी हीच वेळ आली होती, दुसऱ्या मशीनवर. तिथल्या सर्व्हरवर उबुंटू होतं आणि त्याच्या भांडारातलं निओव्हिम जुनं. (उबुंटू २२.०४ मध्ये अजूनही ०.६.१ मिळतं. विद्यापीठाच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी हे लिहून ठेवा.) तेव्हा लॅबमधली एक सीनियर चहाचा कप घेऊन माझ्यामागे येऊन बसली. कीबोर्डला तिने हात लावला नाही. ती फक्त विचारत राहिली: कुठलं उघडतंय? ते कुठे आहे? मशीनला ते आधी का सापडतं? वीस मिनिटं लागली, आणि तेव्हापासून पाथ म्हणजे काय हे मला कुणी समजावावं लागलेलं नाही. माझ्या रीडमीतल्या चार ओळींमागे ती वीस मिनिटं आहेत. मी ओळी लिहिल्या आणि ती मागे बसलेली बाई लिहायची राहिली.

तुम्ही म्हणाल, धडपडल्याशिवाय माणूस शिकत नाही. हा युक्तिवाद या जगात फार प्रिय आहे, मीही मांडलेला आहे, बहुधा आमच्या पॉडकास्टवरसुद्धा. आता मला तो अर्धाच पटतो. धडपडीतून शिकता येतं, पण आपण कशात धडपडतोय हे धूसर तरी कळत असलं तर. चारदा तेच पुसून तेच बसवणाऱ्या मुलीला पाथबद्दल काही कळत नाही. तिला स्वतःबद्दल काहीतरी कळल्यासारखं वाटतं, आणि ते चुकीचं असतं. शिवाय जिच्या लॅबमध्ये, हॉस्टेलमध्ये, घरात विचारायला कुणी आहे, तिचीच धडपड नंतर गमतीदार किस्सा होते. बाकीच्यांचे किस्से आपल्यापर्यंत येत नाहीत, कारण ते लोक दुसरीकडे निघून गेलेले असतात.

मग सरळ व्हीएस कोड का वापरू नये? वापरा. मनापासून सांगते. एक फाइल उतरवायची आणि सुरू. तिथेही पायथन, गिट वगैरे लागतंच, पण तो निदान उजव्या कोपऱ्यात येऊन विचारतो, बसवू का? गंमत म्हणजे निओव्हिमची आजची अर्धी जादू तिथूनच आलेली आहे. एडिटर आणि भाषेचा जाणकार प्रोग्रॅम यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा करार मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुला केला आणि २०२१ च्या ०.५ आवृत्तीपासून निओव्हिम तो स्वतः बोलतं. त्यातूनही एक भाजणी निघते. पायथनसाठी पायराइट हवं, पायराइट चालतं नोडवर, म्हणून पायथन लिहायला आधी जावास्क्रिप्टचं बिऱ्हाड आणा. माझ्या यादीत पायथन होतं. नोड नव्हतं, कारण माझ्या मशीनवर ते कुठल्यातरी जुन्या कामासाठी आधीच आलेलं होतं. आपल्या मशीनवर काय काय आहे हे सर्वांत कमी कुणाला माहीत असतं, तर मालकाला.

आणखी एक तक्रार आहे, ती फक्त आपणच करू शकतो. या यादीत सापाच्या चित्रासाठी फॉन्ट आहे. देवनागरीसाठी काही नाही. बहिणीने सगळं चालू झाल्यावर पहिली फाइल उघडली आणि गंमत म्हणून स्वतःचं नाव मराठीत लिहिलं. वेलांटी एकीकडे, कर्सर तिसरीकडे. टर्मिनल चौकटींच्या कागदासारखं असतं, एका चौकटीत एक अक्षर. चिनी अक्षराला दोन चौकटी देण्याची सोय जुनी आहे. पण ‘क्षि’सारखं अक्षर चार चिन्हांतून बनतं आणि त्यातली वेलांटी नंतर टाइप होऊन आधी दिसते. त्याला किती चौकटी द्यायच्या यावर टर्मिनल आणि एडिटर यांचं एकमत होईलच असं नाही. इथे ईमॅक्सची बाजू जड आहे. त्याच्या स्वतःच्या खिडकीत चौकटींचं बंधन नसतं. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून अक्षरं जुळवायचं काम हार्फबझकडे गेलं (यातलं हार्फ म्हणजे आपल्या जुन्या कागदांतला हरफच), आणि मॅकवर तेच काम ॲपलचं कोअर टेक्स्ट करतं. जुलै २०२३ च्या २९ व्या आवृत्तीत तर मोडी लिपीसुद्धा आली. पन्नाशीकडे झुकलेल्या एका एडिटरमध्ये कुणीतरी बसून मोडी घातली, आणि ती वापरायला फारसे मोडीवालेही उरलेले नाहीत, हे मला फार आवडतं.

क्युपर्टिनोच्या नावाने एक जुना विनोदही आहे. काही जुन्या स्पेलचेकरांना ‘कोऑपरेशन’ हा शब्द जोडरेघेशिवाय माहीत नव्हता. ते त्याच्या जागी ‘क्युपर्टिनो’ सुचवायचे, आणि युरोपियन युनियनच्या कागदपत्रांत सहकार्याऐवजी हे शहर छापून गेलं. भाषांतरकारांनी त्याला क्युपर्टिनो इफेक्ट असं नाव दिलं. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, बरोबरच आहे, इथे सहकार्य मागितलं की अपडेट मिळतो.

मी परत आले. दोन आठवड्यांनी बहिणीचा मेसेज नाही, पुल रिक्वेस्ट आली. माझ्या चार ओळींच्या एकवीस झाल्या होत्या, अर्ध्या मराठीत. ‘व्हिच एनव्हिम लिही. उत्तरात ऑप्ट दिसलं पाहिजे. यूझर-लोकल दिसलं तर पुन्हा इन्स्टॉल करू नकोस, उपयोग नाही, खालची ओळ बघ.’ ‘होमब्रूने यशस्वी म्हटलं तरी खिडकी बंद करू नकोस.’ ‘फॉन्ट बसवणं आणि निवडणं या दोन गोष्टी आहेत.’ ‘नोड लागतं. ताईला माहीत नव्हतं.’ प्रत्येक वस्तूपुढे ती नसेल तर काय अडेल हे लिहिलंय, आणि दोन ठिकाणी ‘हे आत्ता नसलं तरी चालेल’ असं. ती स्वतः सध्या व्हीएस कोडच वापरते. निओव्हिम रविवारी उघडते म्हणाली.

मी एकच बदल सुचवला होता. यादीची पहिली ओळ ‘जेवून बसा’ अशी आहे, ती तांत्रिक कागदात बरी दिसत नाही, काढ म्हटलं. तिने काढली नाही, आणि मीही तशीच मर्ज केली.